लिंबायतचा बोध

गुजराथच्या विधानसभेत सुरत शहरातील लिंबायत मतदारसंघातून २०१२, २०१७ आणि २०२२ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत श्रीमती संगीता पाटील निवडून गेल्या. लिंबायत ज्याचा एक भाग आहे त्या नवसारी लोकसभा मतदारसंघाने २००९ पासून चार वेळा श्री. चंद्रकांत रघुनाथ पाटील यांस दिल्लीस पाठविले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले हे गृहस्थ २०२० मध्ये गुजराथेतील सत्ताधारी पक्षाचे प्रांताध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्तिमंत्री झाले. २०११ च्या जनगणनेत ज्या राज्यात मराठी बोलणारांचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास भरले, त्या राज्यातील ही गोष्ट आहे. आणि इकडे आमच्या सीमाभागात, जेथे गावेच्या गावे पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहेत, तेथून २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार कर्नाटकाच्या विधानसभेत पोहोचू शकला नाही.

हे दोन देखावे शेजारी ठेवून सीमाभागातील एखादा सुज्ञ गृहस्थ विचारील की, मग समिती हवी कशाला? सुरतेच्या मराठी माणसाने मोठ्या पक्षाची कास धरली, मान मिळविला, सत्ता मिळविली. आपणही तोच मार्ग का धरू नये? बेळगाव-खानापुरातून राष्ट्रीय पक्षांच्या तिकिटावर मराठी घरांतील माणसे निवडून आलेलीच आहेत; तेवढे पुरे नाही काय? प्रश्न सरळ आहे, तो प्रामाणिकपणे विचारला जातो, आणि म्हणून त्याची टर न उडविता त्याचे उत्तर दिले पाहिजे. त्यासाठी आधी लिंबायत हा मतदारसंघ झाला कसा आणि त्यातून मराठीस काय मिळाले, हे नीट पाहणे अवश्य आहे.

सुरत आणि मराठी माणूस यांचे नाते शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांपुरतेच ज्यांस ठाऊक आहे, त्यांस आजची सुरत ओळखू येणार नाही. तापीच्या खोऱ्यातून सुरत-भुसावळ लोहमार्ग झाला आणि खानदेश सुरतेच्या अंगणाशी येऊन भिडला. पुढे यंत्रमाग वाढले, कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने उभे राहिले, आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कोरडवाहू शेतीवर पोट न भरणाऱ्या कुटुंबांची मुले उधना, पांडेसरा, लिंबायत, नवागाम, डिंडोली या वस्त्यांत येऊन स्थिरावली. ती माणसे घरी अहिराणी बोलतात, बाजारात गुजराथी बोलतात आणि कारखान्यात हिंदी. त्यांच्या शेजारी उत्तर प्रदेश आणि बिहारचे मजूर आहेत, तेलुगू विणकर आहेत, उडिया कामगार आहेत, आणि मुसलमान वस्तीही मोठी आहे. लिंबायत हा केवळ मराठी मुलूख नव्हे; मराठी मतदार तेथे अनेकांपैकी एक, परंतु निर्णायक आहेत, इतकेच.

या श्रमिकांच्या मतास कित्येक वर्षे फारसे वजन नव्हते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने विधानसभांतील जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. त्यानंतर सुरत वाढत गेली, परंतु तिच्या जागा वाढल्या नाहीत. शहराच्या भोवतालची ही नवी वस्ती ज्या चौर्यासी मतदारसंघात मोडत होती, तो फुगत फुगत गुजराथेतील सर्वांत मोठा मतदारसंघ बनला. राज्यातील सरासरी मतदारसंघात दोन लाखांच्या आसपास मतदार असताना एकट्या चौर्यासीत ते दहा लाखांच्याही पलीकडे गेले. म्हणजे मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराचे मत इतर गुजराथी नागरिकाच्या मताच्या एक पंचमांश मोलाचेही उरले नाही. कायद्याने कोणाचा मताधिकार काढून घेतला नव्हता. रेघा होत्या तेथेच ठेवल्या होत्या, एवढ्यानेच हे घडले. २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली. सुरतेत लिंबायत, उधना, मजुरा, करंज, कतारगाम, वराछा रोड असे नवे मतदारसंघ निघाले, आणि जो समाज पूर्वी दहा लाखांच्या गर्दीत विरघळून जात होता, तो तीन लाखांच्या आसपासच्या मतदारसंघात डोळ्यांत भरू लागला. २०२२ मध्ये लिंबायतेत ४४ उमेदवार उभे होते, आणि तिन्ही प्रमुख पक्षांनी मराठी आडनावांच्याच उमेदवारांस तिकिटे दिली. पक्षांस मराठीचे प्रेम एकाएकी उफाळून आले असे नव्हे. नकाशावरची रेघ बदलली, म्हणून हिशेब बदलला.

सुरतेचा पहिला बोध हा आहे. मतदारसंघाची सीमा ही निर्जीव रेघ नव्हे. कोणाचा आवाज ऐकू यावा आणि कोणाचा गर्दीत बुडावा, हे ती ठरविते. हा बोध आम्हांस नवा नाही, कारण आम्ही तो दुसऱ्या टोकाने अनुभवला आहे. ज्या २००८ च्या पुनर्रचनेने लिंबायत निर्माण केले, त्याच पुनर्रचनेने आमचा उचगाव मतदारसंघ नकाशावरून पुसला. उचगाव हा समितीचा बालेकिल्ला होता. तो आणि बागेवाडी हे दोन्ही मतदारसंघ नाहीसे झाले आणि बेळगाव ग्रामीण या नावाचा नवा मतदारसंघ उभा राहिला. एकाच कायद्याने, एकाच वर्षी, सुरतेच्या मराठी माणसास आवाज मिळाला आणि उचगावच्या मराठी माणसाचा आवाज विरळ झाला.

यात कोणाचा कट होता की नव्हता, हा वाद बाजूस ठेवू. कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ च्या मतदारसंघ पुनर्रचना कायद्याने आयोगास सांगितले की, मतदारसंघ शक्यतो सलग असावेत. रेघा ओढताना भूप्रदेशाची रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची साधने आणि लोकांची सोय ही लक्षात घ्यावीत. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूदही त्यात आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु भाषा हा शब्द त्या निकषांत नाही. ज्या देशाने राज्यांची पुनर्रचना भाषेच्या पायावर केली, त्या देशाच्या मतदारसंघ-कायद्यास भाषेची ओळखच नाही! आणि एकदा आयोगाने रेघ ओढली की घटनेच्या ३२९ व्या कलमान्वये तिच्याविरुद्ध न्यायालयाचे दारही जवळजवळ बंद होते. सीमालढ्याची चार तत्त्वे या गावांतील शाळकरी पोरांसही पाठ आहेत: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पाटसकर निवाड्याने आंध्र-मद्रास सीमेवर ज्या तत्त्वांनी न्याय केला, ती आमच्या राज्यसीमेस लावली गेली नाहीत. मतदारसंघांच्या सीमेसही त्यांपैकी सलगतेवाचून दुसरे काही लावले गेले नाही.

रेघ ओढण्यापूर्वी लोकांस विचारावे, ही मागणी भाबडी आहे, असे आम्हांस पुष्कळदा ऐकविले जाते. अशा शहाण्यांनी एकदा उत्तर ध्रुवाकडे दृष्टी टाकावी. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील हिमप्रदेशात इनुइट लोक राहतात. त्यांचा मुलूख वायव्य प्रदेश या अवाढव्य प्रांतात मोडत असे. आपल्या भाषेचा आणि आपल्या चालीरीतींचा वेगळा प्रांत हवा, अशी मागणी त्यांनी केली. १९८२ मध्ये प्रांताच्या विभाजनावर सार्वमत झाले. १९९२ मध्ये विभाजनाची रेघ नेमकी कोठून जावी, यावर पुन्हा सार्वमत घेण्यात आले. १९९३ मध्ये करार झाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत या नावाचा नवा प्रदेश अस्तित्वात आला. सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा हा मुलूख, आणि त्यात २०२१ च्या गणनेनुसार माणसे ३७ हजारांच्या आत! आमच्या एखाद्या तालुक्याएवढीही ती लोकसंख्या नव्हे. तरी त्या मूठभर लोकांस दोनदा विचारले गेले, आणि त्यांनी सांगितले तेथून रेघ गेली.

त्या प्रदेशाच्या विधानसभेत आज २२ सभासद आहेत. तेथे पक्षच नाहीत. प्रत्येक जण आपल्या वस्तीचा माणूस म्हणून निवडून येतो आणि सभासद आपसांतून मुख्यमंत्री व मंत्री निवडतात. त्यांतील अगदी उत्तरेकडचा मतदारसंघ म्हणजे कुत्तिक्तुक. आर्क्टिक बे, रेझोल्यूट आणि ग्रीझ फिओर्ड या एकमेकींपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन वस्त्या मिळून तो बनतो. लोकसंख्या हजार-दीड हजार. यांपैकी रेझोल्यूट आणि ग्रीझ फिओर्ड येथे १९५३ पासून सरकारने इनुइट कुटुंबे दक्षिणेकडून उचलून नेऊन वसविली. त्या निर्जन बर्फावर देशाचा हक्क दिसावा, म्हणून माणसांस खुंट्यांप्रमाणे रोवले गेले, असा त्या कुटुंबांचा आरोप होता. २०१० मध्ये कॅनडाच्या सरकारने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ज्यांस विचारल्यावाचून हलविले, त्यांच्या वस्त्यांचा पुढे विधानसभेत स्वतंत्र प्रतिनिधी बसला. नवसारीसारख्या एका लोकसभा मतदारसंघात वीस लाखांहून अधिक मतदार असणाऱ्या आपल्या देशाने ते प्रमाण जसेच्या तसे उचलावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु दूरस्थ, अल्पसंख्य, वेगळ्या भाषेच्या समाजास डोकी मोजण्याच्या यंत्रात भरडू नये, एवढे तत्त्व घेण्यास लोकसंख्या आड येत नाही.

आता दुसरा बोध. तो अधिक कडू आहे. रेघ अनुकूल झाली, जागा मिळाली, म्हणजे भाषा वाचली काय? नुनावुतचेच पाहा. २००८ मध्ये त्यांनी आपल्या भाषेच्या रक्षणाचा कायदा केला. शाळांतून इनुइट भाषेत शिक्षण देण्याचे वचन दिले. वचनाची मुदत आली तेव्हा शिक्षक तयार नव्हते. २०२० मध्ये त्यांच्याच विधानसभेने ती मुदत पुढे ढकलून पार २०३९ पर्यंत नेली. स्वतःचा प्रदेश, स्वतःची विधानसभा, स्वतःच्या रक्ताचे प्रतिनिधी, आणि तरीही भाषा ताटकळत राहिली! सत्ता हे पात्र आहे. त्यात काय भरावयाचे, ते भरणाऱ्याच्या आग्रहावर अवलंबून असते.

लिंबायतेकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तेथील मराठी मतदाराने पाणी मागितले, गटारे मागितली, पक्की घरे मागितली, गावाकडे जाणाऱ्या गाड्या मागितल्या. त्यात गैर काहीच नाही. श्रमिकाची गरज हीच असते. भाषेचे जे काही मिळाले आहे, ते मुख्यतः सुरत महानगरपालिकेच्या व्यवहारी शहाणपणामुळे. या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराथी, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. कामगाराच्या मुलास त्याच्या भाषेत अक्षरओळख व्हावी, म्हणून गुजराथी करदात्याचा पैसा खर्च होतो. आणि त्यामुळे गुजराथी भाषेचा मुळीच ऱ्हास झालेला नाही. गुजराथी हा विषय सर्व शाळांत सक्तीचा करणारा कायदा त्या राज्याने २०२३ मध्ये केला, परंतु त्यासाठी कोणाची मातृभाषा माध्यमातून हाकलावी लागली नाही. घटनेच्या ३५०-अ या कलमाने प्रत्येक राज्यावर जे कर्तव्य घातले आहे, त्याचे असे पालन एका व्यापारी शहरास जमते. मग बेळगावात मराठी कागदपत्रांचे नाव काढताच राज्याच्या एकात्मतेस तडा कसा जातो? भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण शेकडा १५ ते २० असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनातच आहे. त्यास सात दशके लोटली. आणि २०२४ मध्ये कर्नाटकाने काय केले? दुकानाच्या पाटीचा साठ टक्के भाग कन्नडने व्यापावा, असा कायदा केला. सातजणींस एका ओसरीवर बसविणारी सुरत कोठे, आणि पाटीवर टक्के मोजणारा हा कारभार कोठे!

आता त्या सुज्ञ गृहस्थाच्या प्रश्नास उत्तर देता येईल. सुरतेचा मराठी माणूस पोटासाठी सीमा ओलांडून गेला. आम्ही घरातच होतो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमा आम्हांस ओलांडून पुढे गेली. सुरतकरास गुजराथपाशी भाषेचे भांडण नाही, राज्य बदलण्याची इच्छा नाही. म्हणून मोठ्या पक्षाचा मराठी आमदार त्यास पुरतो. आमचे गाऱ्हाणे भाषेचे आणि राज्याचेच आहे, आणि ज्या पक्षाचे कार्यालय बंगळुरात आहे त्याचा आमदार, त्याचे आडनाव कितीही मराठी असो, ते विधानसभेत मांडू शकत नाही. पक्षाचा आदेश त्याचे तोंड धरतो. यात त्या व्यक्तीचा दोष नाही. ती व्यवस्थाच तशी आहे. मराठी आडनाव निवडून येणे आणि मराठीचा आवाज निवडून येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. लिंबायतेत त्या भिन्न असूनही चालते. येथे चालणार नाही.

परंतु याच न्यायाने समितीसही खडसावले पाहिजे. उचगाव पुसले गेले, हे खरे. पण खानापूर तर पुसले गेले नव्हते, आणि २०१३ मध्ये जिंकलेल्या जागा २०१८ मध्ये गेल्या, त्या काही आयोगाने नेल्या नाहीत. एकाच मतदारासमोर दोन-दोन उमेदवार उभे करून आपणच आपल्या मतांची फाळणी केली. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकाही हातची गेली. रेघ परक्याने ओढली म्हणून रडावयाचे आणि तिच्या आत आपण स्वतः दुसरी रेघ ओढावयाची, हा कोठला न्याय? घर फिरले की घराचे वासेही फिरतात. पण येथे वासेच आधी फिरले. सुरतेचा खानदेशी कामगार पक्षांस एकजुटीने हिशेब करावयास लावतो, तो लढ्याच्या परंपरेत वाढलेल्या सीमावासीयांपेक्षा अधिक शहाणा ठरावा, याची लाज वाटली पाहिजे.

पुढचे काम उघड आहे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जनगणना करण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. म्हणून मातृभाषेचा रकाना हा आता आमच्यासाठी मतपेटीइतकाच महत्त्वाचा आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषा कोणती, हे घरच्या माणसाने स्वतः सांगावे आणि काय लिहिले गेले ते वाचून पाहावे. येथेही सुरत आम्हांस सावध करते. अहिराणी बोलणारा माणूस आपली भाषा अहिराणी सांगतो, तेव्हा जनगणना त्यास मराठीत न धरता खानदेशी या स्वतंत्र भाषेत धरते. २०११ मध्ये असे लोक अठरा लाखांहून अधिक भरले. अहिराणीचा अभिमान त्यांनी जरूर बाळगावा, तो सोडा असे सांगण्याचा कोणास अधिकार नाही. परंतु रकान्यातल्या एका शब्दाने संख्या कशी हलते, हे ठाऊक असलेले बरे. डांगी बोली मराठीची की गुजराथीची, या वादाने एके काळी दोन्ही प्रांत ढवळून निघाले होते, आणि शेवटी १९६० मध्ये डांग गुजराथेत गेला. बोलीच्या नोंदीवर मुलूख हलतात, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

मतदारसंघांच्या रेघा पुन्हा ओढल्या जातील तेव्हा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, जाहीर सुनावणी होते. त्या दिवशी घोषणा देणारांपेक्षा गाववार आकडे, नकाशे आणि रस्त्यांची अंतरे हाती घेऊन उभे राहणारांची गरज अधिक आहे. भाषा हा निकष कायद्यात नसला, तरी लोकांची सोय हा आहे. ज्या गावांची बाजारपेठ एक, शाळा एक, सोयरीक एक, त्यांस एकत्र ठेवणे ही सोय नव्हे तर काय? हा युक्तिवाद पुराव्यानिशी मांडावयाचा तर तयारी आजच आरंभिली पाहिजे. महाराष्ट्र सरकारनेही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसू नये. आणि सोलापूर, अक्कलकोट, जत येथील कन्नड भाषिकांस आपण त्यांच्या शाळा आणि त्यांचे कागद मोकळ्या मनाने द्यावेत. जो न्याय आम्ही बेळगावात मागतो, तो जतेत नाकारला जात असेल तर आमच्या मागणीस बळ कोठून येणार?

८६५ गावांचा प्रश्न न्यायासनासमोर आहे, आणि तो सुटेपर्यंत या गावांतील माणसास दर पाच वर्षांनी मत द्यावयाचे आहे. ते मत गर्दीत बुडेल की ऐकू येईल, हे निम्मे रेघ ओढणाराच्या हाती आहे. उरलेले निम्मे आपल्या हाती आहे, आणि ते तरी आपण आता वाया घालवू नये.